जुन्या एमजीबीत विजेचा हीटर बसवायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. लीसेस्टरजवळ राहणाऱ्या एका मराठी जोडप्याकडे १९६६ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची कापडी टपाची दोन सीटची गाडी आहे. पहिल्या मालकाने ती हीटरशिवाय घेतली होती. त्या काळी इंग्लंडात या गाडीला हीटर जास्तीचे पैसे देऊन घ्यावा लागे. थंडीतही रविवारी गाडी बाहेर काढायची त्यांची हौस आहे, पण समोरच्या काचेवर आतून वाफ धरते आणि शेजारी बसणाऱ्याचे पाय बधिर होतात. १२ व्होल्टवर चालणारा ३०० वॅटचा सिरॅमिक हीटर त्यांनी पाहून ठेवलाय. तो डॅशबोर्डखाली बसवावा का, वायरिंग कसं करावं, आणि पाण्याच्या पाइपांना हात न लावता, मूळ गाडीला नवी भोकं न पाडता हे जमेल का, असं त्यांनी विचारलंय.

मी इंग्लंडात जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या विजेचं काम करतो, आणि हिवाळा तोंडावर आला की हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर असं: या गाडीत वीज अंग आणि काच गरम करायला वापरा, हवा गरम करायला वापरू नका. हवा गरम करायचं काम इंजिनच्या पाण्याला द्या. असं का, ते आकड्यांनी सांगतो. एकदा आकडे समजले की बाजारातली कुठलीही वस्तू तुम्ही स्वतः पारखू शकाल.

आधी गाडीत वीज किती आहे ते पाहू. इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र म्हणून १९६६ च्या एमजीबीत आजच्यासारखा अल्टरनेटर नाही, जुन्या पद्धतीचा डायनमो आहे: लुकास कंपनीचा सी-४०, जास्तीत जास्त २२ अँपियर. अल्टरनेटर या गाडीत १९६७ च्या अखेरीस मार्क टू मॉडेलबरोबर आला. आता पावसाळी संध्याकाळी घरी परतताना खर्च किती होतो ते बघा. डिपरवर हेडलाइट ७ अँपियर, साइडलाइट, टेललाइट, नंबरप्लेटचा दिवा आणि डॅशचे बारके दिवे मिळून ३, इग्निशन साडेतीन, पेट्रोलचा विजेचा पंप १, वायपर ३. झाले साडेसतरा. त्यात कंपनीच्या हीटरच्या पंख्याचे साडेतीन-चार धरले तर बेरीज एकवीस-साडेएकवीसवर जाते. म्हणजे अॅबिंग्डनच्या कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा हिशोब जेमतेम बसलेला होता. ब्रेक दाबला, इंडिकेटर दिला की बॅटरी तेवढ्यापुरता हात देते, पुढच्या सरळ रस्त्यावर ते भरून निघतं.

या बेरजेत ३०० वॅट घाला. १३ व्होल्टला ते २३ अँपियर होतात, म्हणजे एकट्या हीटरला अख्ख्या डायनमोपेक्षा जास्त हवं. अशा वेळी डायनमो जळतो असं बरेच जण समजतात. तुमच्या गाडीत तसं होणार नाही, कारण तिच्या आरबी-३४० कंट्रोल बॉक्समध्ये करंट मर्यादित ठेवणारी वेगळी कॉइल आहे. ती डायनमोला २२ च्या पुढे जाऊ देत नाही. उरलेलं सगळं बॅटरीतून जातं आणि ते डॅशवर कुठेच दिसत नाही. चार्जिंगचा लाल दिवा विझलेला असतो, गाडी छान पळत असते, आणि बॅटरी मात्र तासाला वीसेक अँपियर-तास गमावत असते. ५८ अँपियर-तासाची बॅटरी, तीही थंडीने अर्धी झोपलेली. तासाभराच्या फेरीनंतर गाडी बंद केली तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. त्यात सिग्नलला आयडलवर डायनमो जवळजवळ काहीच देत नाही, म्हणून तर तिथे लाल दिवा मिणमिणतो.

आता एवढं करून मिळतं काय? त्या हीटरचा पंखा ताशी साठेक घनमीटर हवा फेकतो असं धरू. ३०० वॅटमध्ये तेवढी हवा साधारण १५ अंशांनी तापते. बाहेर ३ अंश असेल तर तोंडाशी १८ अंशांची झुळूक मिळेल. त्याच वेळी कापडी टपाच्या कडांतून, दारांच्या फटींतून आणि पॅडलच्या भोकांतून त्याच्या कितीतरी पट गार वारा आत येत असतो. माझा ढोबळ हिशोब असा: टप लावलेल्या रोडस्टरमध्ये ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने जाताना आतली हवा बाहेरच्यापेक्षा १५ अंश गरम ठेवायची तर दीड ते दोन किलोवॅट लागतात. १३ व्होल्टला ते ११५ ते दीडशे अँपियर होतात. दुसरीकडे इंजिन रस्त्यावर १५ किलोवॅट काम करत असेल तेव्हा साधारण तेवढीच उष्णता ते रेडिएटरच्या पाण्यात टाकतं आणि ती वाऱ्यावर जाते. दहा-पंधरा किलोवॅट फुकट जात असताना बॅटरीकडे तीनशे वॅट मागायचे, हे मला कधीच पटलं नाही.

आजच्या डिझेल गाड्यांत विजेचे हीटर असतात, मग इथे का नको, असं कोणी म्हणेल. ते हीटर किलोवॅटभराचे असतात, त्यांच्यामागे सव्वाशे-दीडशे अँपियरचा अल्टरनेटर असतो, आणि तरीही ते इंजिनचं पाणी तापेपर्यंतच चालतात. इलेक्ट्रिक गाड्यांचे हीटर तर शेकडो व्होल्टवर चालतात. त्यांची तुलना इथे लागू पडत नाही. ज्यांनी एमजीबीतलं इंजिन काढून मोटर आणि मोठी बॅटरी बसवली आहे, त्यांनी मात्र उच्च व्होल्टेजचा हीटरच घ्यावा. तो वेगळा विषय.

सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचे दीडशे वॅटचे हीटर हा सगळ्यात वाईट पर्याय. एका गिऱ्हाइकाच्या गाडीत असा हीटर मी काढला तेव्हा सॉकेटच्या मधली पितळी टिकली निळसर-काळी पडली होती, तिच्याभोवतीचं बेकलाइट तडकलं होतं, आणि मागची वायर स्पेडपासून (टोकाच्या चपट्या पट्टीपासून) बोटभर अंतरापर्यंत इतकी कडक झाली होती की वाकवताच आवरण खपलीसारखं निघालं. फ्यूज शाबूत होता. याचं कारण समजून घ्या. साडेबारा अँपियर हा आकडा त्या वायरला जड नव्हता. प्लगची टिकली स्प्रिंगच्या जोरावर टेकलेली असते. तिथे काजळी धरते, रोध वाढतो आणि उष्णता त्या एका बिंदूवर साठते. करंट वाढतच नाही, मग फ्यूज उडणार कसा?

फ्यूजवरून आठवलं. लुकासच्या जुन्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं. तो आकडा फ्यूज उडण्याचा आहे. सतत वाहायचा करंट त्याच्या निम्मा, १७ अँपियर. तुमच्या गाडीत असे दोनच फ्यूज आहेत आणि बरीचशी गाडी त्या दोघांवर चालते. फ्यूजमधून पुढे जाणाऱ्या इग्निशनच्या हिरव्या वायरवर जागा दिसली म्हणून तिथून हीटर घेऊ नका. जुन्या फ्यूजच्या जागी आजचा ३५ अँपियरचा फ्यूज तर मुळीच घालू नका, कारण आजच्या फ्यूजवर सतत वाहायचा आकडा छापतात. तसं केलं तर फ्यूजच्या आधी वायर जळेल.

तुमच्या गाडीत आणखी एक गोष्ट पाहायला हवी, ती म्हणजे अर्थ. १९६६ ची एमजीबी पॉझिटिव्ह अर्थ असते, म्हणजे बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला. मधल्या काळात कोणी ती बदललीही असेल, तेव्हा सीटमागचं झाकण उघडून बघा. तिथे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या किंवा नंतर बसवलेली १२ व्होल्टची एक दिसेल. बॉडीला कुठली केबल गेलीय ते मल्टिमीटरने तपासा, केबलच्या रंगावर भरवसा ठेवू नका. आजचा प्रत्येक हीटर निगेटिव्ह अर्थ धरून बनवलेला असतो. त्यातल्या तापणाऱ्या सिरॅमिक चकत्यांना दिशेचं काही नसतं, त्या कशाही तापतात. पण ब्रशलेस पंखा उलट्या जोडणीवर चालत नाही, त्याचं सर्किटही जळू शकतं, आणि चकत्या मात्र तापत राहतात. याहून धोक्याची गोष्ट ही की काही हीटरांचं धातूचं कवच आतून निगेटिव्हला जोडलेलं असतं. असा हीटर पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत ब्रॅकेटने बॉडीला कसला की थेट शॉर्ट. वायर जोडण्याआधी मीटर लावून कवच दोन्हीपैकी कुठल्या टर्मिनलला आतून जोडलेलं आहे का बघा. मिनिटाचं काम आहे.

आता माझ्या मते करायचं काय, ते सांगतो.

पहिलं काम फटी बुजवायचं, आणि त्यात जवळजवळ पैसे लागत नाहीत. अंधार पडल्यावर एकाने मोठा टॉर्च घेऊन बोनेटखाली प्रकाश टाकायचा आणि दुसऱ्याने फूटवेलमध्ये, म्हणजे पाय ठेवायच्या जागेत, डोकं घालून बघायचं. जिथून उजेड येतो तिथून वारा येतो. वायरिंगचा जुडगा आणि केबल जिथून आत येतात तिथले रबरी ग्रोमेट साठ वर्षांत दगड झालेले असतात. गिअरलिव्हरचा रबरी बूट, दोन सीटांमधल्या पत्र्याच्या उंचवट्यावरच्या, म्हणजे बोगद्यावरच्या तपासणी भोकाचं बूच, बॅटरीच्या झाकणाची कड, दारांची रबरं, सगळं पाहून घ्या. हीटर नसलेल्या गाडीत त्याच्या जागेवर पत्र्याचं झाकण असतं. त्याच्याखालचं फोम कुजलेलं असेल तर तिथून थेट गुडघ्यांवर वारा येतो. पायाखालचे गालिचे ओले लागत असतील तर काचेपुढच्या जाळीखालच्या पोकळीचा निचरा बघा. ते पाणी बोगद्याच्या बाजूने एका रबरी नळीतून खाली जातं. त्या नळीत पाचोळा अडकला की पाणी आत झिरपतं. ओला गालिचा असलेल्या गाडीत कुठलाही हीटर लावा, काचेवर वाफ धरणारच.

दुसरं, कंपनीचा पाण्याचा हीटरच बसवा. पाण्याच्या पाइपांत हात घालायचा नाही ही तुमची अट मला कळते, पण भोकं न पाडण्याची तुमची जी खरी इच्छा आहे ती याच मार्गाने पुरी होते. बल्कहेडवर, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीवर, त्या हीटरची जागा कारखान्यातच कापलेली आहे, स्क्रूंची भोकं आहेत. सिलिंडर हेडच्या मागच्या बाजूला पाण्याच्या झडपेची जागा आहे, ती सध्या झाकणाने बंद असेल. हेडकडून गरम पाणी झडपेतून हीटरकडे जातं आणि परतीच्या पाइपाने रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये येतं. ही गाडी पाच लाखांहून जास्त बनली, त्यामुळे जुने हीटर, नव्या झडपा, होज, केबल सगळं मिळतं. उद्या कोणाला मूळ अवस्था हवी असेल तर हीटर काढून झाकण परत लावता येतं. डॅशखाली स्क्रूने कसलेल्या विजेच्या पेटीबद्दल असं म्हणता येत नाही.

जुना हीटर घ्याल तर तो तसाच बसवू नका. हा डबा गाडीत बसवणं आणि काढणं दोन्ही कटकटीचं आहे, म्हणून सगळी डागडुजी टेबलावर करा. आतली जाळी काढून दोन्ही दिशांनी नळाचं पाणी सोडा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. मग एक तोंड बंद करून दुसऱ्यातून हलकी हवा भरा आणि जाळी बादलीत बुडवून बुडबुडे येतात का बघा. आले तर रेडिएटरवाल्याकडून नवी जाळी घालून घ्या. हवा वळवणाऱ्या फ्लॅपवरचं फोम हात लावताच पिठासारखं झडतं, ते खरवडून नवं बंद-छिद्रांचं फोम चिकटवा. बऱ्याच एमजीबींचे हीटर कुचकामी अशी जी ख्याती आहे, त्याचं मोठं कारण हे झडलेलं फोम आहे. हवा जाळीतून न जाता कडेने निसटते आणि गार ती गारच आत येते. पंख्याची मोटर टेबलावर बॅटरीला लावून किती अँपियर घेते ते मोजा. चारच्या वर गेली तर बेअरिंगला तेल हवंय किंवा ब्रशचा कचरा साठलाय. आणि डबा बल्कहेडवर ठेवताना भोवतीचं सील नवं घाला, नाहीतर बोनेटखालचा पेट्रोल-तेलाचा वास थेट तुमच्या नाकात येईल.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचं पाणी किती तापल्यावर रेडिएटरकडे सोडायचं ते ठरवणारी झडप, तीही बघून घ्या. या इंजिनला साधारण हवामानात ८२ अंशांचा, थंडीत ८८ चा आणि उष्ण देशांत ७४ चा द्यायचे. उन्हाळ्यात इंजिन तापतं म्हणून कोणीतरी ७४ चा घातलेला मला वरचेवर सापडतो. त्या गाडीत हीटर कितीही चांगला असला तरी कोमट हवाच मिळणार. थंडीत ८८ चा घाला. पाणी भरताना हीटरची झडप पूर्ण उघडी ठेवा, म्हणजे हवा आत अडकून राहत नाही.

तिसरं, वीज कुठे वापरायची? सर्वांत आधी सीटमध्ये. कव्हरखाली घालायच्या गरम गाद्या प्रत्येकी चाळीसेक वॅटच्या असतात. पाठीला आणि मांड्यांना थेट लागलेले चाळीस वॅट माणसाला जे सुख देतात, ते हवेत सोडलेल्या तीनशे वॅटला जमत नाही. मधली हवा गरम करायची गरज उरत नाही, आणि टप उघडा असला तरी ऊब लागते. दोन गाद्यांना मिळून सहा अँपियर. डायनमोवर तेही रात्री पावसात जड जाईल, म्हणून दोन टप्प्यांची गादी घ्या. निघताना पाच मिनिटं पूर्ण, मग अर्ध्यावर. सीटवर गुडघा टेकवून गाडीत चढायची सवय असेल तर ती सोडा, कारण तारेची गादी तिथेच तुटते. कार्बन तंतूंच्या गाद्या दुमडीला जास्त टिकतात.

मग काच. हीटर बसवल्यावर त्याचीच हवा नळ्यांतून काचेवर जाते आणि बहुतेकांना ती पुरते. पण पहिली दहा मिनिटं पाणी थंड असतं आणि वाफ तेव्हाच धरते. या दहा मिनिटांसाठी शंभर-दीडशे वॅटचा छोटा सिरॅमिक हीटर घेऊन त्याची सगळी हवा फक्त ड्रायव्हरसमोरच्या काचेवर सोडणं मला मान्य आहे. पाणी तापलं की तो बंद. याबरोबर काच आतून साफ ठेवा. धूर, प्लास्टिकची वाफ आणि बोटांचे ठसे यांचा जो पातळ थर बसतो त्यावर बाष्प फार लवकर धरतं. पाण्यात थोडं स्पिरिट घालून पुसलेली काच आणि महिनोन् महिने न पुसलेली काच यांत पहिल्याच थंड सकाळी फरक दिसतो.

गाडी गॅरेजमध्ये उभी राहत असेल तर आणखी एक चांगला मार्ग आहे, तो नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमधल्या लोकांनी केव्हाच पत्करलाय. निघण्याआधी घरच्या २३० व्होल्टवर गाडी गरम करायची. तिथे इंजिनच्या पाण्यात बसणारे आणि केबिनमध्ये ठेवायचे असे खास हीटर सर्रास वापरतात, पार्किंगमध्ये प्लग असतात. अर्धा-पाऊण तास आधी सुरू केलं की सीट, स्टिअरिंग, काच, सगळं ऊबदार होतं, आणि गाडीच्या बॅटरीतून काहीच जात नाही. केबिनसाठी गाडीकरताच बनवलेला, कलंडला तर आपोआप बंद होणारा हीटरच घ्या. घरातला पंख्याचा हीटर सीटवर ठेवून आत जेवायला जाऊ नका. प्लग ३० मिलिअँपियरच्या आरसीडीमागेच (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागेच) हवा. आणि गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास येत असेल तर गळती शोधून बंद करेपर्यंत तिथे हीटर लावायचाच नाही. एसयू कार्ब्युरेटरच्या फ्लोटची सुई अडकली की पेट्रोल ओघळतं, हे या गाडीच्या प्रत्येक मालकाला माहीत असतं.

इतकं वाचूनही ३०० वॅटचा हीटरच हवा असेल, तर तो नीट कसा बसवायचा तेही सांगतो. अर्धवट माहितीने बसवला जाण्यापेक्षा हे बरं.

आधी अल्टरनेटर. लुकासचा १८ एसीआर हा जुना अल्टरनेटर ४३ ते ४५ अँपियर देतो. वरची बेरीज २१ आणि हीटरचे २३ मिळून तोही काठावरच येतो. म्हणून साठ-सत्तर अँपियरचा बदली अल्टरनेटर घ्या. त्याबरोबर निगेटिव्ह अर्थ करावा लागेल. बॅटरीच्या केबल उलटवणं सोपं असतं, पण इग्निशन कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल कराव्या लागतात, आणि तुमच्या गाडीतला टॅकोमीटर इलेक्ट्रॉनिक आहे, तो उलट्या दिशेने चालत नाही, आतली जोडणी बदलून घ्यावी लागते. जुना रेडिओ असेल तर त्याचीही चौकशी करा. आणि बॅटरीकडे चार्जिंग नेणारी मूळ वायर २२ अँपियर मनात धरून घातलेली आहे. तिच्यातून पन्नास-साठ जाऊ द्यायचे नाहीत. अल्टरनेटरपासून स्टार्टर सॉलेनॉइडच्या (स्टार्टरला वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) मोठ्या बोल्टपर्यंत १० चौरस मिलिमीटरची नवी केबल टाका.

हीटरचा पुरवठा त्याच बोल्टवरून घ्या आणि हातभर अंतराच्या आत ३० अँपियरचा ब्लेड फ्यूज लावा. बॅटरी सीटमागे असल्याने तिथून पुढे नवी वायर ओढत आणण्यात अर्थ नाही, जाड केबल सॉलेनॉइडपर्यंत आलेलीच आहे. पुढे ४० अँपियरचा रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. रिलेची कॉइल इग्निशनच्या हिरव्या वायरवर, म्हणजे चावी काढली की हीटर बंद. व्होल्टेज १२.५ च्या खाली गेलं की तोडणारा कट-ऑफ मध्ये घातलात तर सिग्नलला बॅटरी वाचते. डॅशवरच्या स्विचमधून फक्त रिलेचा करंट जाऊ द्या. जुन्या लुकास स्विचमधून २३ अँपियर नेले तर तो आतून वितळेल.

वायर किती जाड हवी? जाहिरातीत ३ चौरस मिलिमीटर ३३ अँपियर वाहते असं लिहितात, ते पातळ आवरणाच्या वायरपुरतं खरं आहे. पण तो आकडा वायर तापून खराब न होण्याचा असतो. आपल्याला व्होल्टेजची गळतीही बघायची आहे. जाऊन-येऊन सहा मीटर धरले तर ३ चौरस मिलिमीटरमध्ये २३ अँपियरला ०.८ व्होल्ट वाटेतच जातात, ६ चौरस मिलिमीटरमध्ये ०.४. तारेच्या हीटरमध्ये शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते. साडेतेराच्या जागी साडेअकरा पोचले तर चतुर्थांशाहून जास्त ऊब गेली. म्हणून ६ चौरस मिलिमीटर. अर्थची वायरही तेवढीच जाड, आणि ती बॉडीवर रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, वर ग्रीस लावून कसायची. लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, चांगल्या क्रिंपिंग पक्कडीने दाबून बसवा. साध्या पक्कडीने चेपलेला लग आज घट्ट वाटतो आणि दोन हिवाळ्यांत तापू लागतो.

हीटर सिरॅमिकचाच हवा, उघड्या तारेचा नको. सिरॅमिकच्या चकत्या बेरियम टायटनेटच्या असतात. ठरावीक तापमानाच्या वर गेल्या की त्यांचा रोध एकदम वाढतो आणि करंट आपोआप कमी होतो. पंखा अडकला तरी त्या एका मर्यादेपलीकडे तापत नाहीत. तारेला अशी मर्यादा नसते. पंखा थांबला की ती लाल होते, आणि शेजारी साठ वर्षांचा गालिचा आणि तागाचं नमदं असतं. सिरॅमिक हीटर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढतो, तेवढ्यासाठी फ्यूज मोठा करू नका. ३० चा सारखा उडत असेल तर हीटरवर छापलेले वॅट खोटे आहेत असं समजा. सिरॅमिकलाही वेगळा थर्मल कट-आउट (जास्त तापल्यावर बंद करणारा स्विच) आहे ना ते पाहून घ्या. आणि पेटी अशा जागी लावा की तिच्या तोंडापुढे कोणाचा कोट, पिशवी किंवा नकाशा पडणार नाही. शेजारच्या माणसाच्या पायांच्या पुढची जागा सोयीची वाटते, पण सगळं सामान नेमकं तिथेच पडतं.

डिझेल किंवा पेट्रोल जाळणाऱ्या छोट्या हीटरांबद्दलही विचारणा होते. त्यांत उष्णता भरपूर असते आणि वीज कमी लागते. पण त्यांना स्वतःचा धुराचा पाइप लागतो, बॉडीला भोकं पडतात, आणि फटींनी भरलेल्या छोट्या केबिनमध्ये तो धूर परत आत येण्याची शक्यता मी पत्करणार नाही. व्हॅनमध्ये ठीक, रोडस्टरमध्ये नको.

तुमच्या जागी मी असतो तर या महिन्यात फटी बुजवल्या असत्या, डायनमोवर चालतील अशा दोन टप्प्यांच्या गाद्या घातल्या असत्या आणि जुना हीटर शोधायला लागलो असतो. साइड, टेल आणि डॅशचे दिवे एलईडी केलेत तर दोनेक अँपियर मोकळे होतात. मात्र पॉझिटिव्ह अर्थ असेल तर तसे सांगूनच घ्या, साधे एलईडी उलटे पडतात.

आणि कुठलंही काम झाल्यावर एक मोजणी नक्की करा. दिवे, वायपर, गाद्या, पंखा सगळं चालू ठेवून इंजिन दोन-अडीच हजार आरपीएमवर धरा आणि बॅटरीवर व्होल्टेज बघा. साडेतेराच्या आसपास टिकलं तर तुमचा हिशोब बसला. साडेबाराच्या खाली घसरत राहिलं तर खर्च जास्त होतोय, एकेक गोष्ट बंद करून कुठे थांबतं ते पाहा. मग वीस मिनिटं गाडी चालवून आणा, बॅटरीची जोडणी सोडा आणि प्रत्येक नव्या जोडाला बोट लावा. जो जोड हाताला चटका देतो तो कापून नवा करा.